रॉबर्ट हूक: यात्रेतल्या छर्ऱ्याच्या बंदुकीपासून तुमच्या फोनपर्यंत पोचलेला, पण चेहरा हरवलेला माणूस

माळेगावच्या यात्रेत किंवा लातूरला सिद्धेश्वराच्या जत्रेत फुगे फोडायची बंदूक तुम्ही कधी ना कधी हातात घेतली असेलच. नेम फुग्याच्या मधोमध, श्वास रोखलेला, आणि छर्रा जातो वीतभर खाली. सोबतची पोरं दात काढतात. पण दरवेळी चूक नेमाची नसते. त्या बंदुकीत बारूद नसते, आत एक जाड स्प्रिंग असते. यात्रेच्या दिवसांत ती सकाळपासून रात्रीपर्यंत दाबली जाते, सुटते, पुन्हा दाबली जाते. काही हंगामांनी ती 'बसते'. मग छर्ऱ्याचा वेग कमी होतो, फळीपर्यंत पोचायला त्याला जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात तो जास्त खाली येतो.

स्प्रिंग किती दाबली म्हणजे किती जोर देते, हे ज्या माणसाने पहिल्यांदा मोजून मांडलं त्याचं नाव आपण सगळ्यांनी अकरावीला घोकलंय. हूक. हूकचा नियम, दोन मार्क, पुढचा प्रश्न. नांदेडला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मेकॅनिक्समध्ये तो मला पुन्हा भेटला, तिथेही एका ओळीत उरकला. हा हूक होता कोण, कुठला, त्याचं पुढे काय झालं, हे मी नंतर स्वतः शोधून वाचलं. वाचलं आणि जरा वाईटच वाटलं. म्हणून आज ॲप आणि फीचर बाजूला ठेवून एका माणसाबद्दल लिहितोय. घाबरू नका, शेवटी आपण फोनवरच येणार आहोत.

लाकडाचं घड्याळ आणि तोफा डागणारं जहाज

रॉबर्ट हूकचा जन्म १८ जुलै १६३५ चा, इंग्लंडच्या दक्षिणेला असलेल्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या फ्रेशवॉटर गावातला. काळ लक्षात यावा म्हणून सांगतो, आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराज पाच वर्षांचे होते. हूकचे वडील चर्चमध्ये धर्मगुरू. पोरगं अशक्त, सारखं डोकं धरून बसायचं, त्यामुळे वडिलांनी अभ्यासाचा आग्रह सोडून दिला आणि त्याला त्याच्या नादावर सोडलं.

नाद कसला, तर वस्तू करून बघायचा. एक पितळी घड्याळ खोललेलं त्याने पाहिलं आणि तसंच लाकडाचं करून टाकलं. ते चाललं सुद्धा! मग तीनेक फूट लांबीचं जहाज केलं, शिडं-दोऱ्यांसकट, आणि पाण्यावरून जाता जाता त्यातल्या छोट्या तोफा आपोआप उडतील अशी करामत त्यात बसवली. यूट्यूब नाही, मॅन्युअल नाही. नुसतं बघायचं आणि करायचं.

१६४८ मध्ये वडील वारले. वाट्याला आले ४० पौंड. तेरा वर्षांचा पोरगा लंडनला गेला, पीटर लेली नावाच्या मोठ्या चित्रकाराकडे शिकायला. पण तेलरंगांच्या वासाने डोकेदुखी वाढली, म्हणून ते सोडून वेस्टमिन्स्टर शाळेत. तिथे असं सांगतात की युक्लिडच्या भूमितीची पहिली सहा पुस्तकं त्याने एका आठवड्यात संपवली. १६५३ च्या सुमारास ऑक्सफर्ड. घरचा पैसा नाही, त्यामुळे कामं करत शिकणं आलंच.

ऑक्सफर्डमध्ये त्याला रॉबर्ट बॉइलने मदतनीस म्हणून घेतलं. बॉइल गडगंज श्रीमंत, डोक्याने हुशार, पण यंत्र करायला हात लागतात ते हूकचे. भांड्यातली हवा काढून घेणारा पंप हूकने तयार केला आणि त्यावर प्रयोग करून बॉइलने १६६० मध्ये पुस्तक काढलं. त्याची मुख्य कल्पना ही की हवा स्प्रिंगसारखी असते: दाबली की आकसते, सोडली की उसळते. १६६२ मध्ये त्यातून बॉइलचा नियम आला, तो पण आपल्याच अकरावीतला. पंप ज्याने केला त्याचं नाव मात्र त्या नियमात नाही. हे या गोष्टीत पुन्हा पुन्हा होणार आहे.

एका नळीत दोन स्प्रिंगा

आता बंदुकीकडे थोडं परत जाऊ, कारण छर्ऱ्याची बंदूक किंवा स्प्रिंगचं एअर पिस्तूल म्हणजे हूक आणि बॉइल एकाच नळीत बसवलेले. नळी मोडून खाली ओढली की आतला दट्ट्या मागे सरकतो आणि स्टीलची स्प्रिंग दाबली जाते. एक खटका तिला धरून ठेवतो. घोडा ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, त्याच्यापुढची हवा क्षणात चेपली जाते, आणि ती चेपलेली हवा छर्ऱ्याला बाहेर ढकलते. म्हणजे पहिली स्प्रिंग स्टीलची, दुसरी हवेची.

लातूरला माझ्या मामांकडे असं एक जुनं एअर पिस्तूल आहे. त्याचा छर्रा बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याला नुसता टकरून खाली पडायला लागला, तेव्हा गेल्या दिवाळीत आम्ही त्याची स्प्रिंग बदलली. काम दिसतं त्यापेक्षा जपून करायचं आहे. नळीत छर्रा नाही ना, हे आधी दोनदा बघायचं. मागची टोपी काढताना सगळ्यात मोठा धोका असतो, कारण पिस्तूल ओढलेलं नसलं तरी आतली स्प्रिंग थोडी दाबूनच बसवलेली असते. टोपी मोकळी झाली की ती थेट तोंडावर येऊ शकते. म्हणून आम्ही सुताराचा लांब शिकंजा लावला, टोपीवर दाब धरला, पिन काढली आणि शिकंजा आट्या-आट्याने सैल करत गेलो. शिकंजा नसेल तर हे काम घरी करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुनी स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी ठेवली तर दोन बोटं आखूड, आणि मधे केळासारखी किंचित वाकलेली. दट्ट्याचं चामडी वायसरही वाळून कडक झालेलं, तेही बदललं. वायसर गळकं असेल तर नवी स्प्रिंग घालून उपयोग नाही, हवेची स्प्रिंग तयारच होत नाही. (मामांना हे पटवायला मला स्प्रिंग बदलण्यापेक्षा जास्त वेळ लागला.)

काडतुसाच्या खऱ्या पिस्तुलातही स्प्रिंगा असतात. मागे आलेली स्लाइड पुढे ढकलणारी, मॅगझिनमधली काडतुसं वर सारणारी, हॅमरला जोर देणारी. त्याही थकतात आणि मग पिस्तूल अडकतं. पण तिथे घरगुती दुरुस्तीचा विषयच नको. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, त्यामुळे ते काम परवानाधारक कारागिराचं.

पण मग प्रश्न उरतो. दाबलेली स्प्रिंग सोडली की मूळ जागी येते, असं पुस्तक म्हणतं. मामांची दोन बोटं आखूड कशी झाली? थांबा, नियम सापडण्यापर्यंतची भानगड आधी बघू.

सतरा टॅब उघडे असलेला माणूस

१६६२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने हूकला प्रयोगांचा प्रमुख नेमलं. काम असं की दर आठवड्याच्या बैठकीत तीन-चार प्रयोग करून दाखवायचे. आमच्याकडे दोन आठवड्यांनी एक डेमो असतो तर आदल्या रात्री झोप लागत नाही. हा माणूस दर आठवड्याला तीन-चार, आणि सुरुवातीला पगाराशिवाय! त्याने बारुदीचं बळ मोजायचं यंत्र दाखवलं, हवामान मोजायची यंत्रं दाखवली. १६६५ मध्ये 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक काढलं, त्यात सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या पिसवेचं चित्र घडी उलगडून बघावं लागेल एवढं मोठं आहे. बुचाच्या कापात दिसलेल्या कप्प्यांना त्याने 'सेल' म्हटलं, तो शब्द आजही आपण वापरतो. १६६६ च्या आगीत लंडन जळालं, तेव्हा जळलेल्या जागा मोजून कुणाची हद्द कुठे हे ठरवण्याचं काम करणाऱ्यांत तो होता. क्रिस्टोफर रेनसोबत इमारती बांधल्या. त्या आगीच्या आठवणीचा २०२ फुटी खांब लंडनमध्ये अजून उभा आहे, तो या दोघांचा.

एवढं सगळं एकाच वेळी. एक गोष्ट सुरू करायची, जमतेय असं दिसलं की दुसरी उघडायची. याची किंमत त्याने घड्याळात मोजली.

त्या काळचं सगळ्यात अचूक घड्याळ लंबकाचं होतं, ते १६५६ मध्ये डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने केलेलं. पण लंबक डुलणाऱ्या जहाजावर किंवा खिशात चालत नाही. आणि जहाज पूर्व-पश्चिम किती गेलं हे कळायला अचूक वेळ लागते. हूकचं म्हणणं होतं की लंबकाऐवजी चाकाला स्प्रिंग लावा. यातली गंमत समजून घ्या. स्प्रिंग दुप्पट ताणली की दुप्पट जोराने मागे खेचते. म्हणजे चाक जास्त फिरलं तर अंतर जास्त, पण खेचणाराही जास्त, त्यामुळे परत यायला वेळ तेवढाच. झोका लहान असो की मोठा, ठोका सारखाच. घड्याळाला आणखी काय पाहिजे?

ही कल्पना त्याला १६६० च्या आसपास सुचली होती. बॉइल आणि आणखी दोन बडी माणसं पेटंट काढून पैसा लावायला तयार झाली. करार लिहून झाला. त्यात एक कलम असं होतं की पुढे कुणी या घड्याळात सुधारणा केली तर फायदा त्याला मिळेल. हूक म्हणाला, मग मी सगळं उघडं करायचं आणि एखादा बारीक बदल करून दुसरा ते घेऊन जाणार? तो उठून गेला. माझ्या मते कलमाबद्दल तो बरोबर होता. पण मग स्वतः घड्याळ पूर्ण करून लोकांपुढे ठेवायला हवं होतं, ते त्याने केलं नाही. बाकीचे सोळा टॅब होतेच.

१६७५ मध्ये पॅरिसहून पत्र आलं की हायगेन्सने गुंडाळलेली स्प्रिंग लावून खिशातलं घड्याळ केलं आहे. हूक भडकला. आपली कल्पना सोसायटीचा चिटणीस ओल्डनबर्गने बाहेर पोचवली, असा त्याने उघड आरोप केला. घाईघाईने घड्याळजी थॉमस टॉम्पियनला सोबत घेऊन राजा दुसऱ्या चार्ल्ससाठी स्प्रिंगचं घड्याळ केलं. पण वाद त्याच्या बाजूने सुटला नाही, आणि पुस्तकांत नाव मुख्यतः हायगेन्सचंच राहिलं. २००६ मध्ये इंग्लंडमधल्या एका घराच्या कपाटात हूकच्या हातच्या नोंदींचा जाडजूड गठ्ठा सापडला. रॉयल सोसायटीने तो सुमारे १० लाख पौंडांना घेतला. त्यातल्या कागदांत १६७० सालच्या एका बैठकीची नोंद निघाली. हूकने स्प्रिंगवालं घड्याळ तेव्हाच दाखवलं होतं, हायगेन्सच्या पत्राच्या पाच वर्षं आधी. तीनशेहून जास्त वर्षांनी लागलेला पुरावा.

चौदा अक्षरांचं कुलूप

घड्याळाने पोळल्यावर हूकने स्प्रिंगचा नियम वेगळ्या पद्धतीने जाहीर केला. १६७६ मध्ये एका पुस्तकाच्या शेवटी त्याने चौदा रोमन अक्षरं नुसती क्रमाने लावून छापली: सी, ई, तीन आय, एन, ओ, तीन एस, दोन टी, यू, व्ही. वाचणाऱ्याला काही बोध होऊ नये, पण पुढे कुणी दावा केला तर ती अक्षरं जुळवून दाखवता यावीत. आपण आज एखाद्या फाइलचा हॅश आधी जाहीर करतो आणि फाइल नंतर उघड करतो, अगदी तोच प्रकार. १६७८ मध्ये त्याने कुलूप उघडलं. लॅटिनमधलं छोटंसं वाक्य निघालं, त्याचा अर्थ जेवढा ताण, तेवढं बळ. प्रयोगही सोबत दिले. गुंडाळलेली तार, घड्याळाची स्प्रिंग, उंचावरून टांगलेली लांबलचक सरळ तार, लाकडाची काठी. वजनं चढवत जायची आणि किती लांबलं किंवा किती वाकलं ते मोजायचं. दुप्पट वजन, दुप्पट लांबी. घरी रबरऐवजी पेनातली स्प्रिंग घेऊन करून बघा, रबर या नियमात नीट बसत नाही.

आता मामांची दोन बोटं. हा नियम एका मर्यादेपर्यंतच खरा असतो. स्टीलमध्ये अणू थरांनी रचलेले असतात. थोडं ताणलं तर थर जागेवरच ताणले जातात आणि सोडल्यावर परत येतात. मर्यादा ओलांडली तर थर एकमेकांवरून सरकतात, आणि सरकलेला थर परत येत नाही. स्प्रिंग त्या मर्यादेच्या अगदी जवळ वर्षानुवर्षं वापरली, किंवा पिस्तूल ओढून तसंच ठेवून दिलं, तर थोडं थोडं सरकणं साचत जातं. म्हणूनच एअर पिस्तूल कधी ओढलेल्या अवस्थेत ठेवू नये. दुसरं म्हणजे हजारो वेळा दाबल्याने बारीक चिरा पडतात आणि एक दिवस स्प्रिंग कट्कन तुटते. आखूड होणं वेगळं, तुटणं वेगळं, पण बोलताना आपण दोन्हीला थकणंच म्हणतो.

हूक स्वतःही थकत चालला होता. १६७२ पासून त्याने डायरी लिहिली, त्यात रोजचं हवामान, कॉफी हाउसमधल्या भेटी आणि घेतलेली औषधं यांची रांग आहे. झोप नीट नाही. १६७८ मध्येच त्याच्या भावाने आत्महत्या केली. ज्या वर्षी नियम छापला त्याच वर्षी. १६८७ मध्ये त्याच्या घरी राहणारी भावाची मुलगी ग्रेस वारली आणि त्याच वर्षी न्यूटनचं 'प्रिन्सिपिया' आलं. ग्रहांना ओढणारं बळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतं, ही कल्पना आपण न्यूटनला पत्रातून कळवली होती आणि त्याचं श्रेय मिळावं, असं हूकचं म्हणणं. पत्रव्यवहार झाला होता हे खरं. पण कल्पना मांडणं आणि गणिताने सिद्ध करणं यात फरक आहे आणि ते गणित न्यूटनचं होतं. इथे मी न्यूटनच्या बाजूने आहे. मात्र त्याने चिडून पुस्तकातली हूकची नावं कमी केली, हे काही मोठेपणाचं नव्हतं.

३ मार्च १७०३ ला हूक गेला, त्याच कॉलेजच्या खोल्यांमध्ये जिथे तो जवळपास चाळीस वर्षं राहिला. कंजूसपणे राहणाऱ्या या माणसाच्या पेटीत ८००० पौंडांहून जास्त रक्कम निघाली. त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. पुढे १७१० मध्ये सोसायटीने जागा बदलली, त्यानंतर हूकचं चित्र कुठे दिसलं नाही. न्यूटननेच ते नाहीसं केलं अशी गोष्ट नेटवर जोरात फिरते, पण तिला पुरावा नाही. फॉरवर्ड करू नका. कबरही उरली नाही, एकोणिसाव्या शतकात चर्चच्या फरशीखालची हाडं काढून दुसरीकडे पुरली त्यात ती गेली. आज नेटवर त्याचे म्हणून जे चेहरे दिसतात ते नंतरच्या लोकांनी कल्पनेने काढलेले आहेत, किंवा दुसऱ्याच कुणाचे.

किल्लारीशी त्याचा काय संबंध

१७०५ मध्ये हूकचे उरलेले लेख छापले गेले. त्यात सगळ्यात मोठा भाग भूकंपांवरच्या व्याख्यानांचा. डोंगरावर शिंपले कसे सापडतात? त्याचं उत्तर होतं की ते खरोखरच्या जीवांचे अवशेष आहेत आणि भूकंपांनी समुद्राचा तळ वर उचलला गेला. त्या काळी हे बोलायला धाडस लागत होतं.

आपल्याकडे भूकंप म्हटलं की ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र, लोक दमून झोपलेले, पहाटे ३:५६ ला किल्लारी हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. दगड-मातीची जाड माळवदाची घरं अंगावर आली. माझा जन्म त्यानंतरचा, पण आमच्या घरात अजूनही एखाद्या गोष्टीचं साल सांगताना भूकंपाआधी की नंतर असंच विचारतात. दख्खनचं पठार स्थिर आहे, इथे असं होत नाही, असं तोवर मानलं जात होतं. २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोलीजवळ ४.५ चा धक्का बसला, तेव्हा नांदेडात लोक चहा सोडून रस्त्यावर आले ते उगाच नाही.

भूकंप मोजायचं साधं यंत्र म्हणजे स्प्रिंगला टांगलेलं वजन. जमीन हलते, वजन जडत्वाने जागेवर राहू पाहतं, मधली स्प्रिंग ताणली जाते. ताण मोजला की हूकच्या नियमाने बळ कळतं. तुमच्या फोनमध्ये हेच यंत्र आहे, फक्त वाळूच्या कणाएवढं. त्याला ॲक्सेलरोमीटर म्हणतात. सिलिकॉनच्या चिपमध्ये एक इवलंसं वजन कोरलेलं असतं आणि ते सिलिकॉनच्याच केसाहून बारीक स्प्रिंगांवर लटकतं. फोन हलला की वजन किंचित सरकतं, शेजारच्या दातऱ्यांमधली विद्युत धारिता बदलते आणि त्यावरून आकडा मिळतो. स्क्रीन आडवी होते, पावलं मोजली जातात, ती याच्या जोरावर. आणि ही स्प्रिंग मामांच्या स्प्रिंगसारखी बसत नाही, कारण सिलिकॉनच्या अखंड स्फटिकातले थर नेहमीच्या तापमानाला सरकत नाहीत. तो वाकतो आणि परत येतो, किंवा सरळ तुटतो. मधलं काही नाही.

याच स्प्रिंगांवर गूगलने अँड्रॉइडची भूकंप सूचना बसवली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ती भारतात सुरू केली. चार्जिंगला लावून स्थिर ठेवलेल्या फोनला भूकंपाचा पहिला हलका धक्का कळला तर तो सर्व्हरला कळवतो. एकाच भागातल्या अनेक फोनांनी तेच कळवलं तर मोठा धक्का पोचण्याआधी काही सेकंद इतरांना इशारा जातो. केंद्राच्या अगदी जवळ असाल तर ते सेकंद मिळतीलच असं नाही, हेही लक्षात ठेवा. सेटिंग्जमध्ये सुरक्षा आणि आणीबाणीच्या भागात जाऊन ती चालू आहे का बघून घ्या.

आणि फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीच्या आखेन विद्यापीठातल्या लोकांनी केलेलं. ते उघडा, त्यातला ॲक्सेलरेशनचा प्रयोग निवडा (गुरुत्व वजा न केलेला) आणि फोन टेबलावर पालथा न ठेवता सरळ ठेवून द्या. फोन अजिबात हलत नसताना एका आलेखात ९.८ च्या आसपास आकडा दिसेल. बिघाड नाही तो. पृथ्वी त्या कणाएवढ्या वजनाला खाली ओढतेय, आणि सिलिकॉनच्या स्प्रिंगा त्याला तोलून धरताना आत्ता थोड्याशा वाकलेल्या आहेत.